राज्य सोडलेल्या देवाच्या डोंगरावर पाच दिवस

माझी छत्तीस वर्षे कोल्हापूरजवळच्या शिरोलीत ओतकामाच्या कारखान्यांत गेली. त्यामुळे शांघायमध्ये नोकरी करणाऱ्या पुतण्याने जेव्हा सांगितले, की चीनच्या हुबेई प्रांतात सहाशे वर्षांपूर्वी एक अख्खे देऊळ ब्राँझमध्ये ओतून बोटीने आणले आहे आणि सोळाशे मीटर उंचीच्या शिखरावर बसवले आहे, तेव्हा माझी उत्सुकता प्रथम देवाविषयी नव्हती, ती साच्यांविषयी होती. देवाचे नाव झेनवू. ताओ धर्माच्या देवमंडळात त्याचे स्थान फार वरचे असून ‘शुआनथ्यान शांगदी’, म्हणजे गूढ आकाशाचा सर्वोच्च सम्राट, अशी त्याची पदवी आहे. त्याचा डोंगर वुदांग. चीनमधली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची मोठी सुट्टी संपल्यावर, नेमक्या आपल्या नवरात्रात, आम्ही तिघे तेथे गेलो. घट सूनबाईंवर सोपवून निघालेल्या सौभाग्यवतींचे नऊ दिवसांचे उपवास मात्र प्रवासातही चालू राहिले.

दिवस पहिला : वुहान ते वुदांगचा पायथा

वुहान शहरात यांगत्से नदीच्या दोन काठांवर दोन टेकड्या समोरासमोर आहेत. हानयांगच्या बाजूची ती कासव टेकडी आणि वुचांगच्या बाजूची ती सर्प टेकडी. १९५७ साली यांगत्सेवर जो पहिला मोठा पूल झाला, तो याच दोन टेकड्यांना जोडतो. सकाळी त्या पुलावरून जाताना पुतण्या म्हणाला, ‘‘काका, ही जोडी लक्षात ठेवा, पुढचे पाच दिवस पावलोपावली भेटेल.’’

झेनवूचे मूळ रूप ही जोडीच आहे. प्राचीन चिनी कल्पनेप्रमाणे आकाशाच्या चार दिशांना चार रक्षक आहेत. पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला लाल पक्षी आणि उत्तरेला शुआनवू, म्हणजे काळा योद्धा. हा काळा योद्धा म्हणजे सापाने वेढलेले कासव. उत्तर ही पाण्याची, थंडीची आणि काळ्या रंगाची दिशा असल्यामुळे तो पाण्याचाही स्वामी ठरला. शतकांच्या ओघात या प्राण्यांच्या जोडीतून एक माणूस उभा राहिला. केस मोकळे, पाय अनवाणी, अंगात काळा झगा, हातात तलवार, आणि कासव-साप त्याच्या पायाशी गेलेले. सोंग राजघराण्याच्या काळात त्याचे नावही बदलले, कारण राजघराण्याने आपल्या ज्या दैवी पूर्वजाची घोषणा केली होती त्याच्या नावात ‘शुआन’ हे अक्षर होते आणि ते उच्चारणे निषिद्ध झाले. तेव्हापासून शुआनवूचा झेनवू, म्हणजे खरा योद्धा, झाला.

हांको स्थानकावरून वेगवान गाडीने सुमारे दोन तासांत आम्ही वुदांगशान पश्चिम स्थानकावर उतरलो. ज्या निवासात आगाऊ खोल्या घेतल्या होत्या, त्यांनी परदेशी पाहुण्यांची नोंद करता येत नाही असे सांगून आम्हाला दारातूनच परत पाठवले, आणि दुसरी जागा मिळेपर्यंत दीड तास मोडला. त्यामुळे पायथ्याच्या गावातील युशू महालात पोचेपर्यंत उन्हे कलली होती. या डोंगरावरच्या मोठ्या देवस्थानांना ‘गोंग’ म्हणजे महालच म्हणतात, मंदिर नव्हे, आणि या शब्दातच पुढची सारी गोष्ट आहे. युशू महाल त्यांतील सर्वांत विस्तीर्ण होता. आगीने आणि पुराने त्याचा बराचसा भाग गेला असून आज प्रचंड फरसबंद अंगणे, लाल भिंती आणि शिलालेखांचे मंडप पाहायला मिळतात. एकेका मंडपात अवाढव्य दगडी कासवाच्या पाठीवर माणसाच्या कितीतरी पट उंच शिला उभी आहे. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, की हेच ते झेनवूचे कासव. पुतण्याने चूक दुरुस्त केली. हा ‘बीशी’, ड्रॅगनच्या नऊ पुत्रांपैकी ओझी वाहण्याची आवड असलेला, आणि तो सम्राटाचे शब्द पाठीवर वाहतो. यांतील काही शिलांवर सम्राट योंगलेची फर्माने कोरलेली आहेत.

त्या अंगणात बसूनच मला योंगलेची हकीकत समजली. मिंग घराण्याच्या संस्थापकाचा हा चौथा मुलगा, मूळ नाव झू दी. वडिलांनी त्याला उत्तरेचा, म्हणजे आजच्या बीजिंग परिसराचा कारभार दिला होता आणि गादी मात्र थोरल्या दिवंगत मुलाच्या मुलाला. १३९९ मध्ये झू दीने या पुतण्याविरुद्ध शस्त्र उचलले आणि १४०२ मध्ये राजधानी नानजिंग घेतली. राजवाड्याला आग लागली, त्यात तरुण सम्राट नाहीसा झाला, आणि काका गादीवर बसला. ‘काका, मला वाचवा’ या हाकेच्या प्रांतातून आलेल्या माणसाला ही गोष्ट अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. ती खऱ्या पुतण्याच्या तोंडून ऐकताना मी उगाचच थोडा सरकून बसलो.

उत्तरेतून आलेल्या या काकाला उत्तरेच्या देवाने साथ दिली, अशी समजूत पसरली. लढाईत आकाश काळवंडले, मोकळ्या केसांची आकृती ढगांत दिसली आणि झू दीनेही केस सोडून तलवार उपसली, असे सांगतात. समजूत आपोआप पसरली की पसरवली गेली, हा प्रश्न विचारायला हवा. पुतण्याची गादी घेणाऱ्याला धर्मशास्त्राचा आधार मिळणे अवघड असते, तेव्हा त्याला देवाचा आधार लागतो. १४१२ पासून त्याने वुदांगवर जे बांधकाम काढले ते १४२४ पर्यंत चालले. सैनिक, मजूर आणि कारागीर मिळून तीन लाख माणसे राबल्याचे सांगितले जाते. याच काळात बीजिंगमध्ये त्याचा स्वतःचा राजवाडाही उभा राहत होता. ‘उत्तरेत राजवाडा, दक्षिणेत वुदांग’ असे चिनी लोक आजही म्हणतात.

दिवस दुसरा : सुई, राजपुत्राचा उतार आणि झीश्याव महाल

डोंगरात खासगी वाहने जात नाहीत. प्रवेशद्वारापासून देवस्थानाच्या बसगाड्या नागमोडी रस्त्याने वर नेतात आणि वाटेतील मुक्कामांवर उतरता येते. हे मुक्काम ज्या क्रमाने लागतात, त्यात देवाचे चरित्र मांडलेले आहे. खालून वर जाणारा माणूस त्याचे आयुष्य जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंत पायांनी वाचत जातो.

ताओ कथेप्रमाणे झेनवू हा जिंगले राज्याचा राजपुत्र. त्याला राज्य नको होते. पंधराव्या वर्षी तो घर सोडून वुदांगवर तपाला आला आणि बेचाळीस वर्षे येथे राहिला. सुरुवातीच्या काळात एकदा त्याचा धीर सुटला आणि तो घरी परत निघाला. वाटेत एक म्हातारी विहिरीजवळ जाडजूड लोखंडी मुसळ दगडावर घासत बसली होती. काय करते आहेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, सुई करते आहे. राजपुत्र समजायचे ते समजला आणि माघारी वळला. ती म्हातारी म्हणजे त्याची गुरुदेवता होती. ती जागा ‘सुई घासण्याची विहीर’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि देवळापुढे दोन लोखंडी मुसळे उभी केलेली आहेत. येणाजाणाऱ्यांच्या हातांनी ती काळी तुळतुळीत झाली आहेत. सवयीने मीही त्यांवर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहिली. एवढ्या लोखंडाची सुई करायला किती दिवस लागतील याचा हिशेब मनात सुरू झाला होता, तो सौभाग्यवतींनी ‘‘अहो, बस आली,’’ म्हणून थांबवला.

तेथून वर ‘राजपुत्राचा उतार’ हे ठिकाण लागते. येथील देवळाचे नाव फूझेन, म्हणजे सत्याकडे पुन्हा वळणे. योंगलेच्या काळात बांधलेले हे संकुल इतक्या तीव्र उतारावर आहे, की सपाट जागा म्हणून जवळजवळ नाहीच. आत शिरताच लाल रंगाच्या दोन उंच भिंतींमधून वाट नदीसारखी वळत जाते. तिला नऊ वळणांच्या पीत नदीची भिंत म्हणतात आणि पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. वर पाच मजली लाकडी इमारत आहे. तिच्यात एकाच खांबावर बारा तुळया येऊन टेकतात, आणि ती पाहायला गर्दी होती. मला मात्र तिच्याहून सर्वांत वरचे छोटे दालन आवडले. तेथे झेनवू अभ्यास करणाऱ्या मुलाच्या रूपात बसलेला आहे. हा उद्या विश्वाच्या उत्तर दिशेचा सम्राट होणार, याची त्याच्या चेहऱ्यावर काहीही खूण नाही. परीक्षेच्या मोसमात विद्यार्थ्यांचे आईवडील येथे येतात, असे ऐकून बरे वाटले, कारण ही काळजी जगात सगळीकडे सारखीच आहे.

आई मात्र राजपुत्राच्याही मागे आली होती. राणी त्याला परत न्यायला डोंगरापर्यंत पोचली, तिने त्याच्या झग्याचे टोक धरले, तेव्हा त्याने तलवारीने ते टोक कापले. मग त्याच तलवारीने जमिनीवर रेघ ओढली आणि तिची नदी होऊन ती दोघांच्या मध्ये वाहू लागली. ही तलवार नदी बसच्या रस्त्यावर आडवी येते. दगडी पुलावरून ती ओलांडताना आपण आईचा काठ सोडून मुलाच्या काठावर जातो.

दुपारी झीश्याव महाल. मागे ध्वजासारखा पसरलेला उभा कडा, पुढे एकावर एक चढत जाणारे चौथरे, लाल भिंती आणि हिरव्या-निळ्या कौलांचे दुपाखी छप्पर. हे १४१३ चे बांधकाम डोंगरावरच्या मोठ्या महालांत सर्वांत नीट टिकलेले आहे आणि येथे ताओ साधू आजही राहतात. केसांची माथ्यावर बांधलेली गाठ, निळे झगे, पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे असा त्यांचा वेश असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे पठण ते चुकवत नाहीत. संध्याकाळच्या पठणाला आम्ही उंबऱ्याबाहेर उभे होतो. लाकडी ठोकळ्याचा ठेका, मधूनच घंटा, आणि सात-आठ आवाजांत चाललेले ते पठण कानाला इतके ओळखीचे वाटले, की शब्द कळत नसल्याची अडचण दोन मिनिटांत विसरलो. गाभाऱ्यात झेनवूच्या वेगवेगळ्या वयांतील मूर्ती आहेत. राजपुत्र, साधक आणि सम्राट अशा तिन्ही अवस्थांत एकच माणूस एका छपराखाली बसलेला मी याआधी पाहिला नव्हता.

दिवस तिसरा : नान्यानचा कडा

रात्री पाऊस पडून गेला होता आणि सकाळी दऱ्या ढगांनी भरल्या होत्या. नान्यान म्हणजे दक्षिणेचा कडा. वाट कड्याच्या पोटातून जाते आणि अचानक डोंगरातच अडकवल्यासारखे एक दगडी मंदिर समोर येते. हे योंगलेच्याही आधीचे, युआन राजघराण्याच्या काळातले. खांब, तुळया, दारे, कौले सगळे लाकडी घडणीचे, आणि प्रत्यक्षात सारे दगडात कोरलेले. आपल्याकडच्या कार्ल्याच्या लेण्याच्या दर्शनी भागात लाकडी कमानींची आठवण दगडाने जपली आहे, तशीच कारागिराची ही जिद्द आहे.

मंदिरापुढून दरीवर साधारण तीन मीटर लांबीची एक अरुंद दगडी तुळई बाहेर झेपावली आहे. तिच्या टोकाला ड्रॅगनचे डोके आणि डोक्यावर उदबत्तीचे पात्र आहे. तिचे तोंड सुवर्णशिखराकडे, म्हणजे ब्राँझचे देऊळ असलेल्या मुख्य शिखराकडे आहे. पूर्वी भक्त या तुळईवरून गुडघ्यांवर सरकत जाऊन टोकाच्या पात्रात उदबत्ती लावत आणि तसेच उलटे मागे येत. उलटे येताना अनेक जण खाली गेले. १६७३ मध्ये, सम्राट कांग्शीच्या काळात, ही प्रथा बंद करणारा शिलालेख येथे लावला गेला, आणि आता लोखंडी कठड्याला कुलूप आहे. बंदीचा मजकूर कोरणाऱ्याने देव मनातच असतो, त्यासाठी जीव धोक्यात घालू नये, अशा धर्तीची समजूत घातल्याचे पुतण्याने सांगितले. कुलपापाशी उभ्या असलेल्या एका आजींनी कठड्याच्या बाहेरूनच तीन उदबत्त्या उंच धरून शिखराच्या दिशेने तीनदा वाकून नमस्कार केला. उदबत्त्यांचा धूर वाऱ्याने तुळईवरूनच पुढे गेला, म्हणजे त्यांचे काम झालेच.

समोरच्या सुळक्याला उड्डाणाचा कडा म्हणतात. बेचाळीस वर्षांच्या शेवटी झेनवू तेथे बसला असताना एक सुंदर तरुणी त्याची सेवा करायला आली. मोह टाळण्यासाठी तो उठून दूर झाला. लज्जित होऊन तिने कड्यावरून उडी टाकली, तेव्हा तिला वाचवायला त्यानेही मागोमाग उडी घेतली, आणि पाच ड्रॅगननी त्याला वरच्या वर झेलून आकाशात नेले. तरुणी म्हणजे तीच सुई घासणारी गुरुदेवता होती. मला या कथेचा बारकावा फार मोलाचा वाटतो. तो मोह टाळून बसून राहिला असता तर सिद्धी मिळाली नसती. ती मिळाली दुसऱ्यासाठी उडी टाकल्यावर. ही घटना चिनी पंचांगातील नवव्या महिन्याच्या नवव्या तिथीची मानतात. दोन्ही पंचांगांचे महिने अमावास्येनंतर सुरू होत असल्याने ही तिथी बहुतेक वर्षी आपल्या आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीलाच किंवा तिच्या मागेपुढे येते. आमच्या फौंड्रीत त्या दिवशी भट्टीला आणि हत्यारांना हार घालतात, आणि त्याच सुमारास येथे तलवारधारी देवाच्या स्वर्गारोहणाचा उत्सव असतो. त्याचा जन्मदिवस तिसऱ्या महिन्याची तृतीया, म्हणजे बहुधा चैत्र शुद्ध तृतीया.

कासव आणि साप त्याच्या पायाशी कसे आले, याची कथाही येथेच कळली. दीर्घ उपवासात झेनवूचे पोट आणि आतडी भुकेने आपसांत भांडू लागली. त्या कटकटीने ध्यान होईना, तेव्हा त्याने दोन्ही काढून फेकून दिली. पोटाचे कासव झाले आणि आतड्यांचा साप. पुढे ती राक्षस होऊन लोकांना छळू लागली, तेव्हा देव झालेल्या झेनवूने त्यांना पायाखाली घेतले आणि आपले सेनापती केले. सकाळपासून खजूर आणि शेंगदाण्याच्या एका लाडवावर असलेल्या सौभाग्यवतींनी ही कथा शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘माझं कासव झालंय की साप, ते आता सांगता येत नाही.’’ सुदैवाने पलीकडच्या छोट्या उपाहारगृहात उकडलेली रताळी मिळाली.

दुपारी जवळचे लांगमेइ देवालय पाहिले. राजपुत्राने आलुबुखाराच्या झाडाची फांदी दुसऱ्याच जातीच्या झाडावर खोचली आणि माझे तप फळणार असेल तर हिला फळ येवो असे म्हटले, अशी येथली श्रद्धा आहे. योंगलेच्या काळात ती फळे दरबारी भेट म्हणून जात. १६२३ मध्ये येथे आलेल्या शू शियाके या मिंगकालीन पदयात्र्याने मोठ्या खटपटीने ती मिळवली आणि आपल्या आईसाठी घरी नेली. ज्या डोंगरावर एका मुलाने आईच्या हातातून झगा सोडवला, तेथून दुसऱ्या मुलाने आईसाठी फळ नेले, ही जोडी मला दिवसभर पुरली.

रात्री नान्यानजवळच मुक्काम होता. आभाळ स्वच्छ झाले होते. चंद्रकोर पश्चिमेला झुकली होती, आणि पूर्वेकडे वर भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसत होता. चिनी ज्योतिषातही चंद्रमार्गावर अठ्ठावीस स्थाने आहेत, आणि त्यांतील सात काळ्या योद्ध्याची आहेत. त्या सातांपैकी शेवटची दोन म्हणजे शी आणि बी. त्यांचे तारे याच चौकोनातले, आपल्या पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांतले आहेत. आपल्या पंचांगात उत्तरा भाद्रपदाची देवता अहिर्बुध्न्य, म्हणजे खोल पाण्यातला सर्प. यावरून कोणी कोणाकडून काय घेतले असा निष्कर्ष काढण्याचा माझा अधिकार नाही. पण पाण्याच्या देवाचा साप एकाच तारकांत दोन देशांना दिसावा, याचे नवल वाटून मी बराच वेळ थंडीत उभा राहिलो.

दिवस चौथा : सुवर्णशिखर

सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचा विचार करून पुतण्या त्यांना रोपवेने घेऊन गेला आणि मी एकटा जुन्या पायऱ्यांच्या वाटेने निघालो. थ्यानझू, म्हणजे आकाशाचा खांब, हे मुख्य शिखर १,६१२ मीटर उंच आहे. वाट आधी उतरते, मग चढते, आणि चढतच राहते. पहिले, दुसरे, तिसरे अशी तीन स्वर्गद्वारे लागतात, आणि प्रत्येकाच्या आधी पायऱ्या इतक्या उभ्या होतात, की पुढच्या माणसाच्या टाचा आपल्या नाकासमोर येतात. बांबूच्या पालख्या वाहणारे भोई मला पाहून थांबत, किंमत बोटांवर दाखवत आणि मी मान हलवली की हसून पुढे जात. साडेतीन तासांनी मी ताइहे महालापाशी पोचलो तेव्हा दोघे माझी वाट पाहत चहा घेत होते.

सुवर्णमंदिराच्या आधी एक लहान देऊळ लागते आणि बहुतेक लोक तेथे फक्त नशीब पालटायला जातात. एका अंधाऱ्या दालनात ब्राँझचे छोटे देवघर उभे आहे. ते १३०७ साली वुचांगला, म्हणजे सर्प टेकडीच्याच गावात, ओतले गेले. त्याला सम्राटाचा पैसा नव्हता. सामान्य लोकांनी वर्गणी दिली आणि त्यांची नावे भागांवर कोरलेली आहेत. हे देवघर आधी शिखरावर होते. योंगलेचे नवे मंदिर आल्यावर ते खाली हलवले गेले आणि आज एका इमारतीच्या पोटात आहे. देवघर आणि भिंत यांच्यामधून जेमतेम एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट आहे. त्या काळोखातून धातू चाचपत एक फेरी पूर्ण केली की दैव पालटते, म्हणून या जागेचे नाव दैव पालटणारे दालन. मी फेरी घातली. हाताला लागणारे जोड ओबडधोबड होते, काही ठिकाणी ओतीव भागावर रस नीट न पोचल्याच्या खुणा होत्या. हे काम करणाऱ्यांना प्रत्येक शेराचा हिशेब द्यावा लागला असणार. पुढचे मंदिर कितीही थोर असले तरी माझा जीव या अंधारातल्या देवघरात अडकला.

शिखराला दगडी तटबंदी आहे. बीजिंगच्या राजवाड्याप्रमाणे हिलाही ‘निषिद्ध नगरी’ म्हणतात आणि तिला चार दिशांना चार दरवाजे आहेत. उघडतो फक्त दक्षिणेचा, कारण बाकी तिघांच्या बाहेर सरळ दरी आहे. शेवटच्या पायऱ्यांना साखळदंडांचे कठडे असून त्यांत हजारो कुलपे अडकवलेली आहेत. मग एकदम वर आकाश मोकळे होते आणि छोट्या चौथऱ्यावर ते मंदिर दिसते.

ते लहान आहे, हे आधी सांगितले पाहिजे. उंची साडेपाच मीटर, रुंदी ४.४ मीटर, खोली सव्वातीन मीटरच्या आत. पण कौलांपासून खांबांपर्यंत, कडीपाटाच्या नक्षीपासून छपराच्या कोपऱ्यावरील प्राण्यांपर्यंत सगळे ब्राँझ, आणि त्यावर पाऱ्याच्या साहाय्याने चढवलेला सोन्याचा मुलामा. मेणाचे साचे करून भाग वेगवेगळे ओतले आणि सुतार कूस-साळ बसवतो तसे ते एकमेकांत बसवले. मी खिशातले भिंग काढून पायथ्याचे जोड पाहत राहिलो. ओतलेला भाग थंड होताना आकसतो, कोपरे वाकतात, मोठे पत्रे पिळवटतात. आजही अशा शेकडो भागांची जुळणी पहिल्या प्रयत्नात होत नाही. येथे नखही शिरेल अशी फट मला सापडली नाही. गाभाऱ्यातला दिवा सहाशे वर्षे वाऱ्याने विझलेला नाही आणि छतात वारा अडवणारा दिव्य मणी आहे, असे सांगतात. माझ्या मते मणी म्हणजे ही जुळणीच. मागे हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर समोरच्या दारातून वारा आत खेचला जात नाही.

हे सारे १४१६ मध्ये बीजिंगला तयार झाले. चौदाव्या राजवर्षाच्या नवव्या महिन्याच्या नवव्या तिथीला, म्हणजे देवाच्या स्वर्गारोहणाच्या दिवशीच, सम्राटाने नौकांच्या सेनापतीला फर्मान काढले. सुवर्णमंदिराच्या नौका नानजिंगपर्यंत जपून न्याव्यात, हवा निवळलेली आणि वारा-पाणी अनुकूल असेल तेव्हाच पुढे जावे, आणि नौका अगदी स्वच्छ ठेवाव्यात. आमच्याकडे माल पाठवताना गाडीवाल्याला ‘सावकाश ने, भिजू देऊ नको’ असे बजावतात, तोच हा सूर. राजकालव्याने यांगत्से, यांगत्सेने वुहानपर्यंत, तेथे कासव टेकडीपाशी हान नदीत वळून वुदांगचा पायथा, आणि मग माणसांच्या खांद्यांवर वर.

आत झेनवू बसलेला आहे. केस मोकळे, पाय अनवाणी. दोन बाजूंना सुवर्णबाल आणि रत्नकन्या, पुढे अग्नी आणि जल यांचे सेनापती, वर कांग्शी सम्राटाच्या हस्ताक्षरातील फलक, आणि पायाशी गुरफटलेले कासव व साप. मूर्ती जड अंगाची, रुंद चेहऱ्याची, शांत आहे. हा चेहरा खुद्द योंगलेचा आहे असे लोक मानतात. शिल्पकारांनी अनेक नमुने दाखवले, पण सम्राटाला पसंत पडेनात. शेवटी एक जण भेटीला आला तेव्हा सम्राट नुकताच नाहून केस मोकळे सोडून अनवाणी बसला होता, आणि कारागिराला उत्तर मिळाले. कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना काय म्हणायचे आहे ते स्पष्ट आहे. ज्याने राज्य सोडले त्याच्या खांद्यांवर, ज्याने राज्य घेतले त्याचे डोके बसले आहे. मी बराच वेळ तो चेहरा पाहत होतो आणि मला आठवत राहिला तो राजपुत्राच्या उतारावरचा अभ्यास करणारा मुलगा.

पूर्वी वादळात या मंदिरावर विजा पडत, आगीचे लोळ भोवती फिरत आणि पाऊस थांबल्यावर सोने धुतल्यासारखे झळके. याला ‘विजेच्या अग्नीत मंदिर शुद्ध होणे’ म्हणत. वीजरोधक बसवल्यापासून तो देखावा दिसत नाही. म्हातारे साधू त्याबद्दल हळहळतात असे ऐकले. धातूच्या बाजूने विचार करता मी वीजरोधकाच्या पक्षात आहे.

दिवस पाचवा : पाण्याकाठी

नवमीच्या गर्दीआधी आम्हाला निघायचे होते. उत्सवासाठी पिवळे झेंडे घेतलेल्या टोळ्या खालून वर येऊ लागल्या होत्या. काहींच्या हातांत गावाकडच्या झेनवूची छोटी मूर्ती होती आणि मूळ पीठाच्या भेटीला ती आणली जात होती.

खाली उतरून आम्ही युझेन महालात गेलो. ज्याला ताइची युद्धकलेचा जनक मानले जाते, त्या झांग सानफेंग या साधूसाठी योंगलेने हा बांधवला. सम्राटाने त्याला भेटीसाठी वारंवार बोलावणी पाठवली आणि साधू कधीच सापडला नाही, ही त्यातली मजेची बाब. येथील मुख्य दालन जानेवारी २००३ मध्ये आगीत गेले. पुढे दान्जियांगकोऊ धरणाची उंची वाढवली, तेव्हा हा परिसर पाण्याखाली जाणार होता. म्हणून महालाची जमीन भराव घालून पंधरा मीटर उंच केली आणि तीन जुन्या दगडी कमानी न उकलता, जॅक लावून जागच्या जागी वर उचलल्या. हे काम पाहायला मी आनंदाने तिकीट काढून पुन्हा येईन.

कमानींच्या पलीकडे जलाशय पसरला आहे. सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘राजपुत्रानं सोडलं ते राज्य कुठं होतं?’’ पुतण्याने पाण्याकडे बोट केले. जिंगले राज्याची आठवण म्हणून योंगलेने बांधलेला जिंगले महाल खाली जुन्या जुनझोऊ गावात होता. १९६० च्या दशकात धरणाच्या पाण्याने ते गाव घेतले, आणि महालातले शिलालेख व दगडी कासवे तेवढी आधी बाहेर काढली गेली. डिसेंबर २०१४ पासून याच जलाशयाचे पाणी हजारभर किलोमीटर कालव्याने बीजिंगला जाते. मंदिर जिकडून आले, तिकडेच आता पाणी चालले आहे, आणि तेही स्वतःच्या उताराने, कोणाच्या खांद्यांवरून नव्हे.

‘‘काकू, चला,’’ पुतण्या म्हणाला, ‘‘गाडीला चाळीस मिनिटं आहेत.’’ सौभाग्यवती काठावर बसून पाय बुडवत होत्या. पाणी फार गार आहे, असे त्यांनी सांगितले, आणि चपला हातात घेऊन त्या अनवाणीच रस्त्यापर्यंत आल्या.